बुरुल एजेंच्या हिरव्यागार टेस्ट

बिश्केकच्या त्या ऑफिसात बुरुल एजेंना (एजे म्हणजे तिकडची थोरली ताई) सगळे फार मान देत, आणि त्या मानानेच घात केला. शाळेत गणित शिकवणं सोडून बाई पन्नाशीनंतर सॉफ्टवेअर तपासणाऱ्या टेस्टर झाल्या होत्या. बाकी सगळी पोरं पंचविशीतली. दारापासून सगळ्यात लांबची मानाची जागा एजेंची, चहाचा पहिला प्यालाही एजेंचाच.

काम एका बिल्ड टूलचं, म्हणजे कोडमधून प्रोग्राम बांधून देणाऱ्या साधनाचं होतं. त्याला सूचना दोन वाटांनी मिळत: एकतर हाताने टाइप करून, नाहीतर मशीनच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आधीच लिहून ठेवून. दोन्हींत भांडण लागलं तर टूल कोणाचं ऐकतं, हे एजे तपासत. महिनाभर त्यांच्या टेस्ट हिरव्यागार, म्हणजे सगळ्या पास होत्या. "या वयात कसलं कॉम्प्युटर!" म्हणून नवऱ्याने खिल्ली उडवली होती, त्यामुळे आपल्याला जमतंय याचा आनंद जरा जास्तच होता.

त्या दिवशी एजेंनी एन्व्हायर्नमेंट पुसून कोरं केलं आणि टेस्ट पुन्हा चालवल्या. निम्म्या लाल झाल्या. पुसण्याआधी तिथे काय होतं ते शोधलं, तर एक सूचना निघाली: नापास टेस्ट मोजू नकोस. ती त्यांनी लिहिली नव्हती; मशीन लावून दिलं होतं शेजारच्या तालायने.

"तालाय, हे तू केलंस?"

तालाय बोरसोक, म्हणजे तळलेल्या कणकेचा गोळा, चघळता चघळता थांबला. "एजे, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या. चुकलं म्हणून तोंडावर कसं सांगू? तुम्ही घरी गेलात की मी माझ्या मशीनवर सगळं नीट करायचो."

"म्हणजे माझे लाड चालले होते! म्हातारीला खेळणं दिलं, म्हटलं बस खेळत!"

एजेंच्या डोळ्यांत पाणी आलं. अपमानाचं एवढं नव्हतं, पण महिनाभराचा आनंद खोटा निघाला होता. शाळेत पोरांच्या उत्तरांवर फुल्या मारताना त्यांनी कधी कुणाची भीड ठेवली नव्हती.

"काय चुकलंय, सांग."

"राहू द्या ना, एजे."

"सांग, नाहीतर उद्यापासून मी येत नाही."

तालाय मान खाली घालून पुटपुटला, "टाइप केलेलंच जिंकतं. तुम्ही उलटं धरलंय."

"आणखी?"

"रिकामी सूचना म्हणजे सूचनाच नाही, असं तुम्ही धरता. तसं नसतं, रिकामी ठेवली तरी ती सूचनाच." मग त्याचा आवाज चढला. "आणि पहिल्याच दिवशी सांगणार होतो मी! पण तुम्ही मध्ये कुणाला बोलू देता का?"

एजेंशी तिथे असं कुणी कधी बोललं नव्हतं. त्यांनी डोळे पुसले आणि आपली खुर्ची त्याच्या मशीनकडे ओढली.

"आत्ता कुठे माणसासारखा बोललास. पुढचं सांग."