पोटाशी वाळवलेले मोजे
थंडीत दोरीवर नीट न वाळलेल्या लोकरी मोज्यांचा कुबट वास आला की मला मामा आठवतात. बर्फातली फौजेची नोकरी संपवून ते भनपुरीच्या कारखान्यांच्या वस्तीत एका गोदामावर गार्ड झाले होते. फौजेबद्दल ते बोलत नसत, आणि आम्हीही कधी विचारलं नाही. एकदा मी त्यांना दुपारच्या शोला युद्धाच्या सिनेमाला नेलं, तर सुरुवातीपासूनच त्यांचा तोंडाचा पट्टा सुरू झाला. "पहाडावर एवढे चमकते बूट? अन् केस पहा याचे! साहेबानं सोडला असता काय याले?" पुढच्या रांगेतला माणूस वळून म्हणाला, "चाचा, देखने दो ना." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात पडद्यावरच्या शिपायानं शर्टाच्या आत पोटाशी वाळत ठेवलेले मोजे काढले आणि पायात चढवले. मामा खुर्चीत पुढे सरकले. मग हळूच म्हणाले, "हे बराबर हाय पोरी. सिनेमावाल्यायनं तिथल्या कोनाले तरी इचारलं." इंटरव्हलमध्ये तोच माणूस जवळ आला. "चाचा, आप वहाँ थे क्या?" मामा हातातला समोसा तसाच धरून सांगत राहिले आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो. घंटी वाजली, तरी आमच्यातलं कोणी आत गेलं नाही. त्या सिनेमाचा शेवट मला आजही ठाऊक नाही, आणि कोणाला विचारायचाही नाही.