बंडीसभेचा ठराव आणि एक रिकामी जागा

दशरथभाऊ गेल्याची बातमी मला आमच्याकडचे पुढारी बाबाराव यांनी दिली. सकाळची वेळ, मी ओट्यावर पेपर वाचत बसलो होतो आणि त्यांची मोटारसायकल दारात येऊन थांबली. खाली उतरायच्या आधीच ते म्हणाले, "मास्तर, गेला ना आपला दशरथ. दुकान उघडाले निंगाला अन् दारातच बसला." मी उठून चपला शोधायला लागलो, तर त्यांनी माझा हात धरला. श्रद्धांजली सभा कुठे घ्यायची, अध्यक्ष कोण, बॅनरवर कुणाकुणाचे फोटो, हे सगळं त्यांच्या डोक्यात तयार होतं. माणसाचं अंग अजून गार झालं नव्हतं. "तुमी दोन शब्द बोला," ते म्हणाले, "पन जुनं काई उकरू नका. आता कायले?" मला शिसारी आली. बाबारावांची आली की स्वतःची, ते तेव्हा नीट कळलं नाही. मी "बरं" म्हणालो. आयुष्यभर मी बरंच म्हणत आलो. त्या सभेत मी जुनं काही उकरलं नाही, म्हणून आज इथे उकरतो आहे.

दशरथभाऊ आर्णीच्या कापूस खरेदी केंद्रावर चौकीदार होते. त्याआधी फौजेत होते. समुद्रापलीकडच्या शेजारी देशात शांतता राखायला म्हणून त्यांची पलटण पाठवली होती. तिथून ते एक पाय ओढत परत आले. त्यांच्याच तुकडीतला वणीकडचा एक जवान, कोळशाच्या खाणीतली नोकरी सोडून फौजेत आलेला, तो परत आलाच नाही. या विषयावर ते फार बोलत नसत, पण बोलले की एकच बोलत. "शांतता राखाले गेलतो मास्तर. तिकडं दोन्ही बाजू आमालेच मारत होत्या. आमाले काहून पाठोलं, हे अजूनबी कोनं सांगतलं नाही. संसदेत मतं पडली का? नाही. दोन सह्या झाल्या, अन् आमी जहाजात..." मग ते पुढच्या बंडीचा, म्हणजे कापूस भरलेल्या बैलगाडीचा, नंबर पुकारायचे.

खरेदी केंद्रापुढे त्या वर्षांत बंड्यांची रांग दोन-दोन दिवस हलत नसे. माझी शाळा शेजारीच. शाळा सुटली की मी पेपर घेऊन तिथल्या कडुनिंबाखाली जायचो आणि रांगेतल्या लोकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो. बसल्या बसल्या माणसं वाद घालणारच. त्या वादांना दशरथभाऊंनी शिस्त लावली आणि त्याची बंडीसभा झाली. एकानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, आणि शेवटी मत टाकायचं. हात वर करून मत घ्यायला त्यांचा सक्त विरोध होता. कारण रांगेत पाटीलही असत आणि पाटलाच्या शेतावर राबणारेही असत, मग कोण कशाला उलटा हात वर करेल? म्हणून त्यांचा फौजेतला मग मधे ठेवला जाई, पांढरा एनॅमलचा, निळ्या काठाचा. बंडीतला कापूस घ्यायचा, बोटांनी सरकी वेगळी करायची, आणि मूठ झाकून मगात हात घालायचा. होकार असेल तर रुई सोडायची, नकार असेल तर सरकी. त्या मगात मी पाटलांविरुद्धही सरकी पडलेली पाहिली आहे. दिल्लीचं तिथे ऐकून घेतलं जाई, पण पारखून. मंत्र्याचं भाषण वाचून झालं की दशरथभाऊ ते कापसासारखं बोटांत धरल्याचा आव आणत आणि निकाल देत. धागा लांब निघाला तर पास. नाहीतर "फरदड", म्हणजे हंगाम सरल्यावर झाडाला उरलेला हलका माल. आणि अगदीच खोटं असेल तर "कवडी", म्हणजे किडका, पिवळा, उचलून फेकायचा. त्या वर्षांत बहुतेक भाषणं कवडीच निघाली.

मग तो उन्हाळा आला. हंगाम लांबला होता, रांगेत शेवटचा फरदड होता, आणि पेपरात रोज एकच चर्चा होती. एका बलाढ्य देशानं दूर कुठेतरी लढाई केली होती आणि आता आपणही तिकडे फौज पाठवावी असं त्याचं म्हणणं होतं. आमच्या लोकांना तो देश चांगला माहीत होता. त्यांच्या रुईची स्वस्त गाठ आपल्या बंदरावर उतरते आणि इकडे आपली बंडी उभी राहते, एवढं परराष्ट्र धोरण रांगेतल्या प्रत्येकाला कळत होतं. बाबाराव उभे राहिले. त्यांचा चार बंड्या कापूस अडकलेला होता. "पाठवा म्हनतो मी," ते म्हणाले. "एक पलटन पाठवली, तं ते आपल्यावर खूश होतीन. थ्यायची रुई थांबली, तं आपल्याले भाव भेटन. सरकार काई येडं नाही." दोन-चार माना हलल्या. दशरथभाऊ नंबराच्या चिठ्ठ्या खिशात ठेवून सावकाश पुढे आले. "बाबारावजी, मंग हिशोब सांगून टाका. क्विंटलामांगं किती पोरं?"

त्या दिवशी एनॅमलचा मग उलटा केला तेव्हा सरकीचा ढीग पडला, आणि रुई चिमूटभर.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण दशरथभाऊ म्हणाले, हे आपल्यात बोलून उपयोग नाही, हे लिहून पाठवायचं. मी ठराव लिहिला. माझं अक्षर तालुक्यात नावाजलेलं होतं आणि मला त्याचा माज होता. फौज देशाबाहेर पाठवण्याआधी संसदेत मतदान घ्यावं, आणि आमच्या खासदारानं कोणत्या बाजूनं मत दिलं ते आम्हाला पत्रानं कळवावं. एवढीच मागणी. निम्मी वाक्यं त्यांची होती, निम्मी माझी. 'लोकशाहीच्या पवित्र तत्त्वानुसार' हे तर निखालस माझं. पहिली सही दशरथभाऊंनी केली, मग बाबारावांनी, कारण नाव वर दिसायला हवं होतं. मग रांगेनं सह्या, अंगठे. शेवटी कागद माझ्याकडे आला. मी म्हणालो, "लिहिणाऱ्याची सही लागत नसते." दशरथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "बरं." एक प्रत दिल्लीला, एक खासदारांना, दोन्ही रजिस्टर्ड. तिसरी त्यांच्याजवळ.

उत्तर आलं नाही. काही आठवड्यांनी उत्तराऐवजी एक साहेब आले. कुठल्या कार्यालयाचे, ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. साधा शर्ट, हातात डायरी, बोलणं अगदी गोड. आमचाच चहा घेत ते म्हणाले, "काही नाही हो, सहज विचारायला आलो. हे कुणाच्या डोक्यातून निघालं?" त्यांनी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. आणि एवढ्या सौम्य प्रश्नानं आमची अख्खी लोकसभा विरघळली. एक म्हणाला, "सावलीच्या शेडचा अर्ज समजून अंगठा देल्ला सायेब." दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही. बाबाराव म्हणाले, "माह्यी सही कोनबी मारते. मोठ्या नावाचा गैरवापर होते, काय करता?" माझ्यापर्यंत प्रश्न आला तेव्हा साहेबांनी कौतुकानं विचारलं, "अक्षर सुंदर आहे, कुणाचं?" मी म्हणालो, "माझं. पण मजकूर त्यांनी सांगितला, मी फक्त उतरवून घेतला." हे बोलताना मी बोटानं दशरथभाऊंकडे दाखवलं. गरज नव्हती. ते समोरच उभे होते.

"मजकूर माहाच हाये," दशरथभाऊ म्हणाले. "यायले काई इचारू नका. अन् सायेब, उत्तर कधी भेटन, तेवढं लिहून घ्या."

पुढच्या हंगामात चौकीदार बदलला. कारण कुणी दिलं नाही, कुणी मागितलंही नाही. दशरथभाऊंनी बस स्टँडजवळ पंक्चरचं दुकान टाकलं. मी बरेच दिवस त्या रस्त्यानं जाणं टाळलं. मग एकदा सायकल नेमकी तिथेच बसली. त्यांनी चाक खोललं, ट्यूब पाण्यात धरली, आणि वर न बघता म्हणाले, "मास्तर, अक्षर एक नंबर. मानूस फरदड." मग स्वतःच हसले आणि चहा मागवला. ते रागावून बोलले असते तर मी भांडलो असतो, रडलो असतो. पण त्यांनी मालाची प्रत सांगावी तशी सांगितली. ती बरोबर होती.

फौज शेवटी गेली नाही. का गेली नाही, ते दिल्लीला ठाऊक. पण ते जाहीर झालं आणि कडुनिंबाखालची जीभ पुन्हा सैल सुटली. सावलीच्या शेडसाठी अंगठा देणारे आता "आपल्या कागदानं थांबलं" म्हणून सांगत फिरू लागले. आणि परवाच्या श्रद्धांजली सभेत बाबाराव बॅनरखाली उभे राहून म्हणाले, "आमी दोघायनं खांद्याले खांदा लावून दिल्लीले ठणकावलं होतं." टाळ्या पडल्या. शोकसभेत! सरकारवर विश्वास ठेवावा की नाही, यावर आम्ही वर्षानुवर्षं घसा कोरडा केला. सरकारनं आमच्यावर का ठेवावा, हे मात्र कुणी विचारलं नाही. मीही दोन शब्द बोललो. 'निर्भीड' म्हणालो, 'परखड' म्हणालो. घरी येऊन चूळ भरली, तरी तोंडाची चव गेली नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी जयभीम केला, पाणी दिलं. बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर तो मग होता, पुष्कळ टवके उडालेला. त्यात घडी घातलेला कागद. "ते म्हनत, मास्तर येतीन तवा द्या," वहिनी म्हणाल्या. "कागद गेला तवापासून चार वर्सं वाट पायली त्यायनं."

ठरावाची तिसरी प्रत. माझं एक नंबर अक्षर, खाली सह्या, अंगठे. साहेबांपुढे सही नाकारणाऱ्यांपैकी एकाचंही नाव त्यांनी खोडलेलं नव्हतं. आणि अगदी शेवटी, उजव्या कोपऱ्यात, बोटभर जागा मोकळी होती. तिच्यावर पेन्सिलीनं बारीक लिहिलेलं होतं, 'मास्तर'.

"सही करता का?" वहिनींनी विचारलं. त्यांनी पेनही शोधून आणलं.

मी पेन हातात घेतलं... आता मी निवृत्त आहे. पेन्शन सुरू आहे. कुणी साहेब येणार नाहीत आणि आले तरी माझं काही बिघडणार नाही. म्हणूनच ती सही मी करू शकलो नाही. कागद घडी करून मगात ठेवला आणि मग होता तिथे फळीवर ठेवला.

हा लेख छापून येईल तेव्हा खाली माझं नाव असेल, ठळक टाइपात. त्या कागदावर नाही.