गिरजाला बोलावलं नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्या मित्रांपाशी सगळं मन मोकळं केलं त्यांनाही नाही. तुम्हालाच का सांगतोय? — ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हेच बरं असावं.

एकोणीसशे पन्नासनंतरची ती वर्षं. चंद्रपूरला तेव्हा चांदाच म्हणत. सावली गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी मास्तर होतो. शाळेत शिक्षक मीच, शिपाईही मीच. नागपुरात शिकून आलेला, वयानं कोवळा आणि स्वतःवर बेहद्द खूश. माझी एक टूम होती — गोष्टीची पंगत. वाचनपुस्तकातली गोष्ट संपली की मुलांनी तिच्यातली सोंगं घ्यायची आणि गोष्टीतली माणसं जे खातात, ते पळसाच्या पत्रावळीवर खायचं. चोरांच्या गोष्टीला बोरं, राजाच्या लग्नाला गूळभात. मुलं शाळेत धावत येत. साहेब लोकही पाहायला येत. मला जास्त काय आवडे, मुलांचं येणं की साहेबांचं? — ते विचारू नका.

मग बुडालेल्या मुलीची गोष्ट आली. तळ्यात बुडालेली मुलगी आपल्याच घरच्या पंगतीत येऊन बसते आणि कुणालाच दिसत नाही. हे सोंग मी गिरजाला दिलं. तळ्यावर मासे धरणाऱ्या घरातली, नऊएक वर्षांची, दिवसभर बडबडणारी पोर. तिला मधोमध बसवलं. बाकीच्यांनी तिच्या आरपार पाहायचं, असं ठरलं. काय सुरेख केलं मुलांनी! गिरजा एकेकाला हाका मारी आणि मुलं शांतपणे भात कालवत. शेवटी ती खरंच रडायला लागली. आणि मी? — मी टाळ्या वाजवल्या.

तिकडे हिवाळ्यात गावोगावी नाटकं होतात. त्यात जो मेल्याचं सोंग घेतो, त्याला खेळ संपल्यावर खऱ्या नावानं हाक मारून, पाणी पाजून परत बोलावतात. ज्यानं सोंग दिलं, हाक त्यानंच मारायची. त्याशिवाय तो माणूस घरी जात नाही, जातं ते नुसतं सोंग, असं मानतात. मला हे माहीत होतं. मी ते हसण्यावारी नेलं होतं.

संध्याकाळी गिरजाची आई आली. "गुरुजी, पोरीले नाव घेऊन बलावलं ना?"

"हो बाई. मुलं गेल्यावर बोलावलं," मी म्हणालो. का म्हणालो? वाद नको म्हणून, चहा निवत होता म्हणून. धड कारणही नव्हतं.

गिरजानं घरी सांगितलं म्हणे, गुरुजींनी नाही बोलावलं. पण गुरुजी कशाला खोटं बोलतील?

शाळेत मुलं तिच्याकडे पाहीनात. मी रागावलो, "गिरजाला जागा द्या रे." मुलं माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. एक जण म्हणाला, "कोणाले, गुरुजी?" तो चेष्टा करत नव्हता. ती जिथं बसे, तिथं आजूबाजूला हातभर जमीन मोकळी राहू लागली. तिची बडबड थांबली.

आठवड्यानं आई पुन्हा आली. या वेळी दारातच उभी राहिली. "तुमी बलावलं, तरी थे आली नाई, गुरुजी. मंग माह्या घरात हे कोण येऊन राह्यलं?"

कळतंय तुम्हाला? माझ्या त्या एका खोट्यानं तिची पोर तिला परकी झाली होती. 'बाई, मी बोलावलंच नव्हतं' — एवढंच म्हणायचं होतं. पण मग गावात माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती? पंगती बंद पडल्या असत्या. मी म्हणालो, "होईल बरी."

पुढं एका दुपारी शाळा सुटली. खोलीभर नजर फिरवून मी कुलूप लावलं. टोपी विसरली म्हणून लगेच परतलो, दार उघडलं, तर गिरजा आपल्या जागेवर बसलेली. मी नीट पाहिलं होतं ना? — पाहिलं होतं. आणि मला खोली रिकामी दिसली होती.

ती म्हणाली, "गुरुजी, मले बलवा ना."

मला त्या पोरीची भीती वाटली. हाक मारली आणि भलत्याच कुणी ओ दिली तर? खरं सांगू? त्याहून मोठी भीती निराळीच होती. समोरच्या वाटेनं तिची आई डोक्यावर मोळी घेऊन येत होती. आता हाक मारली असती, तर तिला ऐकू गेली असती. मी दारातून बाजूला झालो. गिरजा माझ्याकडे न पाहता निघून गेली.

त्यानंतर घरच्यांनी तिची पत्रावळ अंगणात वाढायला सुरुवात केली. मग तिला वडसाकडच्या कुणा नातलगाकडे धाडलं. बैलगाडी शाळेसमोरून गेली तेव्हा मुलं पाढे म्हणत होती. एकानंही मान वर केली नाही. मागच्या बाजूला, पाय खाली सोडून, ती शाळेकडे तोंड करून बसली होती. या वेळी मला ती स्वच्छ दिसत होती. मी मुलांना पुढचा पाढा म्हणायला लावला.