महाराजांचं ताट

दुपारी जरा डोळा लागला होता, तोच कांदा-लसूण चटणीच्या फोडणीच्या वासानं मी उठून बसले. आईला डॉक्टरांनी तिखट-मीठ बंद केलंय. मग स्वयंपाकघरात हे काय चाललंय?

मी कॉलेजात असताना असाच वास कळंब्याच्या तळ्याजवळच्या एका मठात आला होता. तिथले महाराज नुसत्या दुधावर राहतात, अशी ख्याती होती. आई आणि मी घरच्या म्हशीचं दूध घेऊन गेलो, तर त्यांच्या खोलीतून झणझणीत रश्श्याचा वास! आईनं माझा हात दाबला. "बघ, म्हटलं न्हवतं मी?" आणि तिनं सरळ दार ढकललं.

महाराज मांडी घालून बसले होते. पुढ्यात वाफाळता रस्सा आणि भाकरी. हात मात्र मांडीवर. आईला बघून ते दचकलेसुद्धा नाहीत.

"रोज मीच रांधतो," ते म्हणाले. "निवेस्तोवर बघत बसतो, मग गुराख्याला देतो. भूकच मेली तर सोडलं काय म्हणायचं, बाई?"

आई पाया पडली नाही. त्यांच्या मिशीला तेल लागलंय का, तेच निरखत राहिली. "सोंग हाय सगळं," घरी येईपर्यंत तिचं चालूच होतं.

आता उठून मी स्वयंपाकघरात डोकावले. आई टेबलाशी बसली होती. पुढ्यात लालभडक रस्सा, हात मांडीवर.

"निवू दे की जरा," ती म्हणाली. "मग तू जेव."

मी तिच्या ओठांना तेल लागलंय का, ते बघायला खाली वाकले.