फर्दापूरची शिवांगी आणि चिलीतला नारळ

अजिंठ्याच्या लेण्यात पाहुणे घेऊन शिरल्यावर राजाराम गाइड आधी काहीच बोलत नसत. बाहेरच्या उन्हातून आत आलेल्या माणसाला भिंतीवर नुसता काळोख दिसतो. लोक चुळबुळ करत, कुणी विचारत, "चित्रं कुठायत?" राजाराम हात वर करून म्हणत, "डोळे सरावू द्या." मग हळूहळू काळोखातून एक खांदा वर येई, एक कमळ, एक मुकुट, आणि लोकांच्या तोंडून आपोआप 'अहाहा' निघे. तेव्हा कुठे राजाराम बोलायला लागत. मुलीला ते सांगत, "आपण दाखवायची घाई करायची नसते. त्यांना दिसेपर्यंत थांबायचं असतं."

ती मुलगी म्हणजे शिवांगी. लेण्यांच्या पायथ्याशी फर्दापूरला वाढली. इंग्रजी बोलणारे गाइड तिथे पायलीचे पन्नास होते. स्पॅनिश पाहुणे मात्र बिचारे एकमेकांची तोंडं बघत उभे राहत. म्हणून ती हट्टानं पुण्याला जाऊन स्पॅनिश शिकली आणि परत येऊन वडिलांच्या शेजारी उभी राहिली. राजारामांना तिचं एक अक्षर कळत नसे, पण लोक 'अहाहा' कधी म्हणतात याकडे त्यांचा कान असे.

दोन हजार एक साली यतीनशी लग्न करून ती अमेरिकेत सिएटलजवळच्या बॉथेलला आली. यतीन नागपूरचा, सॉफ्टवेअर टेस्टिंगमधला, गमत्या आणि प्रेमळ. सगळं बरं होतं, एक सोडून. त्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या बायकोला नोकरी करायची परवानगी नव्हती. पण बोलायला बंदी थोडीच होती! कुणाचेही आईवडील भारतातून आले की शिवांगी त्यांना गाडीत घालून सिएटलला नेई, मासळीबाजार दाखवी, कालव्याच्या पायऱ्यांवरून प्रवाहाविरुद्ध चढणारे मासे दाखवी, आणि प्रत्येक ठिकाणी आधी गप्प उभी राही.

"वहिनी, ग्रोसरीला जातानासुद्धा कांद्याचा इतिहास सांगता का हो?" यतीनचे मित्र विचारत.

"सांगते ना यार," यतीन म्हणे. "इतिहास घेऊन घरी येतो आम्ही. कांदा तिथेच राहतो."

ती हसे. पण सहा वर्षांत आपला आवाज कसा होता हेच विसरायला होतंय, असं तिला कधी कधी भांडी घासताना वाटे आणि तिचा हात थांबे.

दोन हजार सातच्या शेवटी ग्रीन कार्ड आलं. तिनं देवापुढे ठेवलं, साखर ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी बस पकडून सिएटलच्या एका टूर कंपनीत जाऊन बसली. ही कंपनी निवृत्त लोकांना दक्षिण अमेरिकेची सांस्कृतिक सफर घडवत असे: लिमा, सान्तियागो, वालपरायसोचा किनारा, ब्वेनोस आइरेस, शेवटी रिओ. कंपनीची कॅरल ही पिकल्या केसांची, मोजकं बोलणारी बाई होती. तिनं शिवांगीचं स्पॅनिश ऐकलं, अजिंठ्याचं ऐकलं, आणि म्हणाली, "ऑगस्टची ट्रिप ट्रायल म्हणून घे. माणसं तू जमव. एकच गोष्ट लक्षात ठेव. चिलीत फळ, बी, रोप यांच्या बाबतीत फार कडक तपासणी असते. असेल ते सांगितलं तर फार तर काढून घेतात. लपवलं तर दंड. माझ्या ग्रुपमधल्या माणसाला तिथे दंड झालेला मला चालत नाही. सगळं नीट पार पडलं, तर हिवाळ्यापासून तू आमची गाइड."

माणसं जमवायला शिवांगीनं मराठी मंडळाचा गुढीपाडवा गाठला. शाळेच्या हॉलमध्ये श्रीखंडाच्या रांगेत उभ्या असलेल्या आजीआजोबांना, म्हणजे मुलांकडे कायमचे राहायला आलेल्या मंडळींना, तिनं एकेक करून पकडलं. मृणालिनी मावशी सदाशिव पेठेतल्या. त्यांनी पहिल्याच वाक्यात विकेट काढली.

"तिकडे जायचं आणि खायचं काय? वारा?"

"मावशी, तुमचा एकादशीचा उपास कशावर असतो?"

"साबुदाणा, बटाटा, दाणे. का गं?"

"बटाटा मूळचा पेरूच्या डोंगरातला. शेंगदाणा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कंद तिकडचा. मिरचीसुद्धा त्याच बाजूची. तुमचा उपास आला दक्षिण अमेरिकेतून, आणि तुम्ही मला विचारता तिकडे खायचं काय!"

मावशींचा चमचा हवेत राहिला. शेजारी उभे असलेले पुरुषोत्तम काका एवढ्या जोरात हसले, की त्यांच्या पत्नी सरला काकूंनी त्यांच्या हातातली वाटी काढून घेतली. काका वेंगुर्ल्याचे, बंदर खात्यात जन्म गेलेला. त्यांनी एकच विचारलं, "समुद्र दिसेल?"

"पॅसिफिक आणि अटलांटिक, दोन्ही."

"मग आम्ही दोघं येतो."

हां हां म्हणता बारा-तेरा जण तयार झाले. निघण्याआधी शिवांगीनं सगळ्यांना घरी बोलावून पोहे खिलवले आणि बजावलं, "लिमाहून चिलीत शिरताना लाडू, लोणचं, मेथी, फळ, काहीही असलं तरी तपासणीसाठी भरायच्या कार्डावर 'आहे' म्हणून खूण करायची. प्लीज, कुणी काही लपवू नका." सगळ्यांनी माना डोलावल्या. पुरुषोत्तम काकांनी तर इतरांनाही दम भरला, "ऐकलंत ना? पोरीचं नाव घालवू नका!"

लिमात मावशींची जीभ सुटली होती. जुन्या मठाखालच्या तळघरात शिवांगी सवयीप्रमाणे गप्प उभी राहिली, तेव्हा अंधारातून आवाज आला, "का गं, इथं दिव्याचं बिल भरलं नाही वाटतं?" सगळे हसले. पण ती थांबली. हसणं विरलं, श्वास ऐकू यायला लागले, आणि मग तळाच्या विहिरीत गोल रचून ठेवलेली माणसांची हाडं हळूहळू दिसायला लागली. 'अहाहा' कुणी म्हटलं नाही. सरला काकूंनी नुसता पदर खांद्यावर ओढून घेतला. शिवांगी बोलायला लागली आणि तिला स्वतःचा आवाज सापडला, तोच, लेण्यातला. आता हे पुन्हा सोडायचं नाही, तिनं मनाशी गाठ मारली.

सान्तियागोच्या विमानतळावर सामानाच्या पट्ट्याशी एक कुत्रा फिरत होता. तो सगळ्यांच्या बॅगा हुंगून पुढे गेला आणि पुरुषोत्तम काकांच्या हँडबॅगेपाशी येऊन शांतपणे खाली बसला.

अधिकाऱ्यानं बॅग उघडली. धुतलेल्या धोतरात गुंडाळलेला, हळदकुंकू लावलेला, चांगला शेंडीवाला नारळ निघाला. काकांनी कार्डावर 'नाही' अशी खूण केली होती.

"काका!" शिवांगी पुढे झाली.

"अगं, परवा नारळी पौर्णिमा आहे," काका शांतपणे म्हणाले. "आजपर्यंत एकदाही चुकवलेली नाही. आपल्या बेलव्ह्यूच्या दुकानात पोत्याच्या तळातून शोधून काढलाय तो."

"मग कार्डावर का नाही सांगितलंत?"

"त्यात फळ, भाजी, बियाणं असं विचारलं होतं. हा फळ कुठे आहे? हा समुद्राचा आहे. देवाचं काय आपण सामानात धरतो का कधी?"

सरला काकूंनी मान हलवून दुजोरा दिला. यात चूक कुठे होती तेच त्यांना कळत नव्हतं, आणि शिवांगीला उमगलं, की लाडवापासून मेथीपर्यंत सगळं बजावणाऱ्या आपल्यालाही नारळ आठवला नव्हता. आपल्याच डोक्यात तो सामानात धरलेला नव्हता.

अधिकारी तरुण होता, तिचं स्पॅनिश ऐकून जरा सैलावला होता. त्यानं विचारलं, "ही काय, पूजेची मूर्ती आहे का?"

काकांना प्रश्न समजला नाही, पण रोख समजला. "हो म्हण," ते कुजबुजले. "मूर्ती म्हण. सुटेल."

"म्हण गं पटकन," मृणालिनी मावशी म्हणाल्या. "एवढं काय पाप लागतंय!"

मूर्ती म्हटलं असतं तर कदाचित सुटलंही असतं. दंड टळला असता, कॅरलला पत्ताही लागला नसता. पण पाहुण्यानं विचारलेलं ठाऊक नसलं, तर राजाराम सरळ 'ठाऊक नाही' म्हणत. बनवून सांगितलेली एक गोष्ट पकडली गेली, की पुढची खरीसुद्धा कुणी ऐकत नाही, हे तिनं त्यांच्याकडून घेतलं होतं. आणि ज्या देशात आपल्याला वर्षानुवर्षं माणसं आणायची आहेत, त्याच्या दारातच थाप मारून आत शिरायचं?

"फळ आहे," ती स्पॅनिशमध्ये म्हणाली. "बी आत असतं. परवाच्या पौर्णिमेला समुद्राला अर्पण करायला आणलंय. सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. मीही नारळाचं स्पष्ट बजावलं नव्हतं."

दंड झाला, कमीत कमी होता तेवढा. हळदकुंकवाचा नारळ जाळायच्या डब्यात गेला. काका त्या डब्याकडे बघत राहिले.

"आपली म्हणून तुझ्याबरोबर आलो," ते एवढंच म्हणाले, "आणि आमच्याविरुद्ध बोललीस." त्यानंतर त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं.

हॉटेलवर पोहोचताच शिवांगीनं कॅरलला फोन लावून सगळं सांगितलं. मग कॅरल म्हणाली, "परत आलीस की बोलू."

यतीनला फोन केला तर तो म्हणाला, "कॅन्सल करून परत येतेस का? मी तिकीट बघतो."

"वेडा आहेस का? माझी माणसं आहेत ना इथे."

दुसऱ्या दिवशी मंडळी नाश्ता करत असताना ती सान्तियागोच्या भाजीबाजारात गेली. नारळ मिळाला, रीतसर आयात केलेला, पण तासून गुळगुळीत केलेला. पौर्णिमेच्या दिवशी वालपरायसोला कोळ्यांच्या धक्क्यावर बस थांबली, तेव्हा तिनं तो काकांच्या हातात ठेवला.

काकांनी फिरवून पाहिला. "बोडका आहे," ते म्हणाले. तिच्याशी नाही, नारळाशी. "शेंडी नसलेला कोण देतं?"

ऑगस्ट म्हणजे तिथला ऐन हिवाळा. बोचरा वारा होता, रंगीत होड्या वाळूत ओढून ठेवल्या होत्या, पेलिकन पक्षी माशांच्या आतड्यांवरून भांडत होते. जाळं शिवत बसलेल्या एका म्हाताऱ्या कोळ्यानं या शाल-मफलरवाल्या घोळक्याकडे पाहून विचारलं, काय चाललंय? शिवांगीनं सांगितलं. त्यांच्याकडेही जूनच्या शेवटी कोळी आपल्या संताची मूर्ती फुलांच्या होडीतून समुद्रात फिरवतात, हे तिला ठाऊक होतं. तेही ती बोलली. म्हाताऱ्यानं नारळ मागून घेतला. टोकाशी एका दोराचा तुकडा पिंजून, त्याचा झुपका करून, घट्ट कोळीगाठ मारून बांधला आणि परत दिला.

काकांनी गाठ ओढून बघितली. बंदरावर जन्म घालवलेला माणूस. गाठ त्यांना ओळखीची होती.

"आता झाला नारळ," ते म्हणाले.

कुणी बोलायच्या आत शिवांगीनं हात वर केला. सगळे थांबले. वारा, लाटा, पेलिकनांचं भांडण यांमधून हळूहळू खालच्या खडकांवरच्या सील प्राण्यांचे घोगरे आवाज वेगळे ऐकू यायला लागले. मग काकांनी चपला काढल्या, बर्फासारख्या पाण्यात घोट्यापर्यंत गेले आणि नारळ सोडला.

पुढच्याच लाटेनं तो परत आणून त्यांच्या पायाशी टाकला.

"समुद्रालाही अस्सल शेंडी हवी होती वाटतं," मृणालिनी मावशी म्हणाल्या, आणि काका पहिल्यांदा हसले. म्हाताऱ्या कोळ्यानं काहीही न विचारता नारळ उचलला, निघालेल्या होडीतल्या पोरांकडे फेकला आणि लांब हात केला. होडी पार लाटांपलीकडे गेली तोवर सगळे उभे होते.

"वेंगुर्ल्यातही असंच होतं," काका समुद्राकडे बघत म्हणाले. "लाटेनं परत टाकला, की होडीवाला नेतो." मग म्हणाले, "पोरी, त्या खडकावर ते काय ओरडतंय?"

शिवांगीनं सांगायला सुरुवात केली.

सिएटलला परतल्यावर कॅरलनं नियम मोडला नाही. ती म्हणाली, "तू खरं बोललीस, फोनही स्वतः केलास. पण दंड झाला. हिवाळ्याच्या ट्रिप्स मी दुसऱ्यांना दिल्या."

"मार्चचा ग्रुप मी स्वतः भरला तर?" शिवांगीनं विचारलं.

कॅरलनं तिच्याकडे नीट पाहिलं. "भरून दाखव. मग बघू."

काही दिवसांनी मंडळाचा गणपती आला. आरती झाली, मोदक वाटून झाले, आणि शिवांगीनं फोटो दाखवायला प्रोजेक्टर लावला. पहिल्याच रांगेत पुरुषोत्तम काका बसले होते. शेजारच्या नव्या जोडप्याला ते मोठ्यानं समजावत होते, "बॅगेत असेल ते सगळं सांगायचं. देवाचं असलं तरी. देवाचं असलं तर आधी सांगायचं." कुणीतरी हॉलमधले दिवे घालवले. पडद्यावर अजून काहीच नव्हतं. लोक चुळबुळले, एक मूल "मॉम, इज इट ब्रोकन?" म्हणालं. शिवांगी अंधारात, हात वर करून, गप्प उभी राहिली.

मागून मृणालिनी मावशींचा आवाज आला.

"बोल गं आता. सरावले आमचे डोळे."