प्रश्नचिन्हांची घरं

आमच्या शाळेत दोनच शिक्षक, मुख्याध्यापक सर आणि मी. गाव कळंब तालुक्यातलं. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला निघतं आणि पोरांनाही बरोबर नेतं. नेलेलं पोर थेट उन्हाळ्यात परत येतं, शिकलेलं बरंचसं विसरून. म्हणून निघण्याआधी घरोघरी जाऊन आईबापांना विनवायचं: पोर चुलत्याकडं, आजीकडं ठेवा, दोन वेळचं जेवण शाळेत मिळेल. राहणाऱ्या पोरांची यादी तालुक्याला गेली की त्या जेवणाची सोय होते.

विनवण्याचं काम सरांचं. निवृत्तीला एक वर्ष उरलेला माणूस, पण मोटारसायकलवर सगळ्या वस्त्या पालथ्या घालायचे. त्यांची खुणांची पद्धत होती. पोर नक्की राहणार असेल तर नावापुढं चांदणी. घरच्यांचं ठरत नसेल तर प्रश्नचिन्ह. जे तोडीला जातच नाहीत, त्यांच्यापुढं कोरं. प्रश्नचिन्हाच्या घरी ते पुन्हा पुन्हा जायचे, त्याची चांदणी होईपर्यंत.

हे सगळं एका वहीत असायचं, आणि ती वही मीच बंद पाडली. तिच्यातल्या खाडाखोडीचा मला राग यायचा. लॅपटॉपवर शीट करून दिली, चांदणी आणि प्रश्नचिन्ह कुठल्या कळा दाबून येतात ते सरांना शिकवलं. शिकवताना जरा जास्तच शहाणपणा केला, हे कबूल करते. सर मात्र रोज शाळा सुटल्यावर दोन बोटांनी खुणा भरत बसायचे.

यादी पाठवायच्या दिवशी सर तालुक्याला प्रशिक्षणात होते. वरून निरोप आला, खुणा चालणार नाहीत, 'राहणार' असं अक्षरी लिहा. एकेक चांदणी खोडत कोण बसणार? मी खुणांचा रकाना निवडला, शोधायच्या चौकटीत चांदणी टाकली, बदलायच्या चौकटीत 'राहणार', आणि एका झटक्यात सगळ्या बदलल्या. सव्वीस ठिकाणी बदल झाला. सरांचा अंदाज विसाचा होता. मला आनंदच झाला. फाइल सेव्ह केली, पाठवली, लॅपटॉप मिटला.

संध्याकाळी सरांचा फोन आला.

"मॅडम, प्रश्नचिन्हाची किती घरं राहिली? मी उद्या पण इथंच अडकलोय. तुम्हाला जावं लागंल."

"एकही नाही, सर. सगळी राहणार आहेत."

"सगळी? बरं झालं मग."

त्यांच्या आवाजातलं नवल मला ऐकू आलं होतं. तरी मी शीट पुन्हा उघडली नाही.

शनिवारी सकाळी चौथीतली एक मुलगी गोष्टीचं पुस्तक परत द्यायला आली.

"बाई, आमी दुपारी जाणार."

"तू कुठं जाणार? तुझं नाव राहणाऱ्यांत आहे." मी जवळजवळ ओरडलेच तिच्यावर. ती खाली मान घालून उभी राहिली.

सर तेव्हा टेबलाशीच होते. म्हणाले, "हिच्यापुढं तर मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं. बापाचं व्हय-न्हाय चाललं होतं."

मी लॅपटॉप ओढला. शीट उघडली आणि प्रश्नचिन्ह शोधायला लावलं. तर ते भरलेल्या प्रत्येक चौकटीवर जाऊन थांबायला लागलं. नाव, बापाचं नाव, इयत्ता, 'राहणार', सगळ्यांवर. मोबाइलवर शोधलं तेव्हा कळलं: शोधताना चांदणी म्हणजे 'काहीही', आणि प्रश्नचिन्ह म्हणजे 'कुठलंही एक अक्षर'. खरीखुरी चांदणीच हवी असेल तर तिच्याआधी एक नागमोडी खूण द्यावी लागते. ती कळ कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात होती आणि मी जन्मात कधी दाबली नव्हती. म्हणजे मी चांदण्या बदलल्याच नव्हत्या. कोरं सोडून जे जे दिसलं ते सगळं 'राहणार' करून टाकलं होतं, आणि त्यात प्रश्नचिन्हं कुठली हे आता शीटला विचारून सांगता येणार नव्हतं.

"कुठली घरं होती, सर?"

"सहा असतील." सरांनी बोटांवर मोजत तीन नावं सांगितली आणि अडकले. वही असती तर, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मला बरं वाटलं असतं.

तोडीवाल्यांचा ट्रक दोनला निघणार होता. अकराला शाळा सोडली. सर यादीतलं एकेक घर घेत निघाले आणि मी पळत मुलीच्या घरी गेले. तिची आई पत्र्याखाली बोचकी बांधत होती.

"मुलीला ठेवा," मी म्हणाले, "जेवणाचं नक्की झालंय."

तिनं गाठ मारून घेतली, मग माझ्याकडं पाहिलं. "चुलती ठेवणार होती की, बाई. तुमी येऊन सांगताल म्हणून चार दिवस थांबली. कुणी आलं न्हाय, तशी काल गेली लेकीच्या बाळंतपणाला. आता हिला कुणाच्या जिवावर सोडू?"

"चूक माझी झाली."

"असू द्या. लई पोरं तुमच्याकडं, एखांदं ऱ्हाऊन जातंय."

ती शिव्या देईल अशी तयारी ठेवून मी गेले होते. दीड वाजता सर तिथं आले. चार पोरं थांबली होती, आणि एका घराला सकाळपासूनच कुलूप होतं.

मी तिथंच उंबऱ्यावर बसून मुलीचं हमी कार्ड भरलं. तोडीच्या गावी शाळेत घ्यावं म्हणून असं कार्ड देतात. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, मागूनपुढून वाचलं.

"बाई, हे दाखवल्यावर मला चौथीतच बसवतील ना?"

"हो," मी म्हणाले. ती कुठल्या गावाला चालली आहे, तिथं जवळपास शाळा आहे का, हेसुद्धा मी विचारलं नव्हतं.