देवचाराच्या वहाणा

त्या वहाणा आजही माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. नोकरीत मी खुनाची हत्यारे हाताळली, बेवारस प्रेतांचे पंचनामे केले, त्याचे फारसे काही वाटले नाही. पण चामड्याचा तो साधा जोड आठवला की अजून अंगावर काटा येतो.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळून फार काळ झाला नव्हता. डिचोली तालुक्यातल्या एका ठाण्यात मी उपनिरीक्षक होतो आणि पाळी गावचा खाणपट्टा आमच्या हद्दीत येत होता. पावसात खनिजाची वाहतूक बंद पडते, बहुतेक घाटी कामगार गावाकडे जातात आणि पोलिसांनाही जरा उसंत मिळते. त्या वर्षी मात्र ती आमच्या नशिबात नव्हती.

कोल्हापूरकडचा एक ट्रकचालक बायकोला घेऊन तिथे राहत होता. बायको गरोदर. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, म्हणून तिचा भाऊ तिला न्यायला आला. नवऱ्याचे म्हणणे, पावसात घाटातून असा प्रवास नको. शब्दाने शब्द वाढला. बाईसमोर भांडण नको म्हणून दोघे जुन्या, बंद पडलेल्या खाणीकडे गेले. परत आला तो एकटा भाऊ, तोही चिखलाने माखलेला. खाणीच्या काठावर आम्हाला नवऱ्याचा सदरा आणि वहाणा मिळाल्या. सदऱ्यावर रक्त होते.

भावाने जबाब दिला. झटापटीत आपण दाजींच्या नाकावर ठोसा मारला, ते रक्त त्याचेच. मग दाजींनी आपल्याला ढकलले. आपण खाणीच्या पाण्यात पडलो, गाळात रुतलो, शेवटी पलीकडच्या झुडपांना धरून कसेबसे वर आलो. वळसा घालून परतलो तर काठावर फक्त सदरा आणि वहाणा. म्हणजे दाजी आपल्याला वाचवायला उतरले आणि बुडाले. मी त्याला उलटसुलट विचारले, दरडावले, चहा पाजून विचारले. खोटा माणूस दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारून सांगतो, हा माझा अनुभव. याने ती एकदाही सुधारली नाही. पण नुसत्या अनुभवावर कोर्ट चालत नाही. गळ टाकून पाणी ढवळले, तरी प्रेत वर आले नाही. पोलीस कोठडीची मुदत संपत आली होती आणि खुनाचे कलम लागणार हे जवळपास ठरले होते.

ती बाई रोज ठाण्याच्या व्हरांड्यात येऊन बसायची. ना आरडाओरडा, ना कुणाला शिव्याशाप. एकदा मी बाहेर निघालो तेव्हा तिने मला थांबवले आणि विचारले, "सायेब, मी रडू कुणासाठी? नवऱ्यासाठी का भावासाठी?" चिडून मी जीपमध्ये बसलो. चीड कुणावर होती, ते मलाच ठाऊक नव्हते.

संध्याकाळी आमची बैठक पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भट्टीपुढच्या बाकावर असायची. पोदेर, मराठी शाळेचे मास्तर, माझे हवालदार आणि मी. कोकणी-मराठीच्या वादात पोदेर आणि मास्तर यांनी एकमेकांशी अबोला धरला होता. पण मास्तरांना पोदेराच्या गरम उंड्याशिवाय, त्या गोल पावाशिवाय, चैन पडत नसे, आणि पोदेराला मास्तरांच्या कोड्यांशिवाय. त्यामुळे तो अबोला लवकरच ढेपाळला. मास्तर रोज एक कोडे घालायचे आणि आम्ही ते सोडवायचो. पोदेर त्याला हुमाण म्हणायचा आणि मास्तर त्याला दर वेळी 'कोडे' म्हणून दुरुस्त करायचे.

त्या संध्याकाळी कोडे घातले ते हवालदाराने, आणि तेही नकळत. हा मांद्र्याचा माणूस, देवभोळा. आमच्याकडे सीमेवरच्या झाडाखाली देवचाराची जागा असते. देवचार म्हणजे गावाचा राखणदार. काठी, कांबळे घेऊन तो वेशीवरून फिरतो, म्हणून नवस फेडणारे त्याला चामडी वहाणांचा जोड वाहतात. एकदा वाहिलेल्या त्या वहाणांना कुणी हात लावत नाही. हवालदार सांगत होता की यंदा पाळीचा देवचार खूप फिरतोय. नवा जोड गायब झाला होता. मग कुणी दुसरा वाहिला, तर तोही गेला आणि त्या जागी पहिला जोड परत आला, पावसापाण्यात भिजून झिजलेला. गाव खूश होता. "सायबा, ताचो डावो पाय जड पडटा," तो हळू आवाजात म्हणाला. डाव्या वहाणेची टाचच तेवढी बाहेरच्या अंगाने खाल्ली गेली होती.

मास्तरांनी चष्मा पुसला. वहाणा चोरीला जातात हे समजू शकते, म्हणाले, पण चोर जुन्या परत का ठेवील? ज्याला फुकट घेणे पाप वाटते तोच अशी अदलाबदल करतो. पोदेर भट्टीत जळणाची फाटी सारत होता. देवचाराला ठेवलेला रोट कोण खातो, असे त्याने विचारले. हवालदार म्हणाला, देवचारच. जागा स्वच्छ असते, पानाची घडी घातलेली असते.

"देवचार जेवल्यार पानाची घडी करून दवरता रे?" पोदेर म्हणाला.

जेवण झाले की पानाची घडी घालावी, हे माणसाला त्याची आई शिकवते. मला मात्र दुसरेच काहीतरी आठवत होते. डावी टाच, बाहेरच्या अंगाने झिजलेली. तशी टाच मी पाहिली होती, पंचनाम्यात लिहून घेतली होती, आणि ती माझ्याच ठाण्यात मुद्देमालाच्या खोलीत पडून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चौघे झाडाखाली गेलो. हवालदार वहाणांना हात लावायला तयार होईना. शेवटी त्याने नारळ ठेवून, हात जोडून, बराच वेळ गाऱ्हाणे घातले. हे तुझे म्हणून वाहिलेले आम्ही नाइलाजाने नेतो, त्यात काही चूकभूल झाली तर पदरात घे. मग त्याने तो जोड टॉवेलात उचलला. ठाण्यात मी तो मुद्देमालातल्या जोडाशेजारी ठेवला. दोन्ही डाव्या टाचा एकाच तिरक्या रेषेत झिजल्या होत्या. मेलेल्या माणसाचा पाय त्याच्या मरणानंतर चालत राहिला होता. हवालदार दोन पावले मागे सरला.

मास्तर तेवढे म्हणाले की मेलेल्याला भूक लागत नाही.

झिजलेल्या तळव्यांना राखाडी-निळसर गाळ चिकटलेला होता. आमच्या भागात सगळीकडे लाल माती. तो गाळ एकाच ठिकाणचा, जुन्या खाणीच्या तळाशी असलेला. दुपारी आम्ही तिकडे उतरलो. पाऊस थांबला होता, पण धुक्यामुळे पलीकडचा काठ दिसत नव्हता. पाणी हिरवे आणि स्तब्ध. बंद पडलेल्या पंपाच्या खोपटाजवळ आलो आणि माणसाचा आवाज ऐकू आला.

कुणीतरी पाण्याकडे तोंड करून बोलत होते. थोडे बोलायचे, थांबायचे, पलीकडून उत्तर आल्यासारखे मान हलवायचे, पुन्हा बोलायचे. आवाजात राग नव्हता, समजूत घालणे होते. "धाडतो म्हनलं न्हवं तिला माहेरी," तो म्हणत होता. "आता तरी वर ये." पोदेराने छातीवर क्रूस केला. मीही नुसता उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या नोकरीत पाऊल पुढे टाकायला मला एवढा वेळ कधी लागला नव्हता.

त्याने आम्हाला पाहिले. पळाला नाही. दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, मी मेव्हण्याला मारलंय, मला न्या. ढकलल्यावर त्याने लगेच सदरा आणि वहाणा काढून उडी मारली होती. गढूळ पाण्यात मेव्हणा हाताला लागला नाही. कसाबसा या पंपाच्या टोकाला वर आला तेव्हा काठावर कुणी नव्हते. बायकोला काय तोंड दाखवायचे, म्हणून माणसे आली की झुडपांत लपत तो तिथेच राहिला होता. मी त्याला सांगितले की तुझा मेव्हणा जिवंत आहे, आमच्या कोठडीत आहे. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. मेव्हणा रोज समोरच्या काठावर येऊन उभा राहतो, पण त्याचे कपडे काही वाळत नाहीत, एवढेच तो म्हणाला.

तो ठाण्यात शिरताना बायकोने त्याला पाहिले. तिने आधी त्याच्या पायांकडे पाहिले, पाय उलटे तर नाहीत ना म्हणून. मग ती भिंतीला धरून उठली. आम्ही त्याला कोठडीपुढे नेले. आत भाऊ गजांना धरून उभा होता. नवऱ्याने त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे वळून त्याने अगदी हळू विचारले,

"सायेब, ह्यो तुमास्नी बी दिसतुया?"

हवालदाराने मान हलवली. तरी त्याचा विश्वास बसेना, तो मागे सरायला लागला. तेव्हा ती बाई पुढे झाली. तिने नवऱ्याचा हात धरला, ओढत गजांपाशी नेला आणि भावाच्या मनगटावर ठेवला.

"हात लावून बघा," ती म्हणाली. "ऊन हाय."

त्यानंतर ते तिघे ज्या तऱ्हेने रडले, ते पाहणे मला जमले नाही. मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. भावाने ढकलल्याची तक्रार दिली नाही, मीही आग्रह धरला नाही. रिपोर्ट कोर्टात गेला, भाऊ सुटला, आणि तिला माहेरी पोचवायला दोघेही बरोबर गेले.

पोलिसांच्या डोक्यात एकच प्रश्न पक्का बसलेला असतो, कुणी मारले. त्या वहाणांनंतर बेपत्ता माणसाच्या प्रत्येक तपासात मी आणखी एक प्रश्न विचारत आलो. हा माणूस स्वतःला कशाचा गुन्हेगार समजत असेल? कायद्याच्या पुस्तकात त्याला कलम नाही. पण बहुतेक वेळा त्याचे उत्तर घरातल्या कुणाला तरी माहीत असते, आणि ते माणूस बाहेर व्हरांड्यात बसून, आपल्याला कुणीतरी विचारील याची वाट पाहत असते.